मूळ नसलेले बोरू

त्या तळ्यात दोन प्रकारचे नागरिक होते, शेपटीवाले आणि बिनशेपटीचे. शेपटीवाले पाण्यात राहत, बिनशेपटीचे काठावर. पाण्यातल्यांचा कारभार पाण्याचं खातं बघे आणि काठावरच्यांचा काठाचं खातं. शाळा वेगळ्या, सण वेगळे, गोष्टीही वेगळ्या. मागचे पाय फुटले आहेत पण शेपटी अजून गळालेली नाही, असेही काही जण दरसाल निघत. त्यांना मधले म्हणत. मधल्यांसाठी खातं नव्हतं. ती अवस्था थोड्या दिवसांची असते आणि थोडे दिवस कुणीही कसेही काढू शकतो, याबाबत दोन्ही खात्यांचं एकमत होतं. एरवी त्यांचं एकमत कशावर होत नसे.

तळ्याच्या उत्तरेला, उथळ पाण्यात, बोरूचं बेट होतं. त्या बेटावर अधूनमधून एक पांढरा ढग येऊन थांबे. हा ढग इतर ढगांपेक्षा खाली असे, एकटा असे आणि वाऱ्याने हलत नसे. काठावरून ढग दिसे, पण गवतामुळे बोरूंची बुडं दिसत नसत. पाण्यातून बोरूंची बुडं दिसत, पण ढग दिसत नसे.

ढग आला की काठावरचा एखादा बेडूक, कधी एखादा मधलाही, नाहीसा होई. तळ्यात याला बदली म्हणत. बदली वरच्या तळ्यात होई. वरचं तळं कुणी पाहिलं नव्हतं, पण तिथे बारा महिने पाणी असतं आणि माशा आपण होऊन तोंडाशी येतात, हे सगळ्यांना माहीत होतं. बदली होऊन गेलेल्याचा कधी निरोप येत नसे. यावरून तिथे किती सुख असेल याचा लोक अंदाज करत.

ज्याची बदली झाली त्याचा निरोप समारंभ त्याच दिवशी, तो शेवटचा दिसला त्याच जागी, म्हणजे बोरूच्या बेटापाशी करायची पद्धत होती. भाषणं होत. घरच्यांना कमळाचं एक पान देत. समारंभ चालू असताना पुष्कळदा आणखी एकाची बदली होई आणि मग मंडळी दुसऱ्या भाषणासाठी थांबत. एका वर्षी एकाच दुपारी लागोपाठ चार समारंभ झाले. तळ्याच्या इतिहासात ते वर्ष भरभराटीचं म्हणून नोंदलेलं आहे.

या तळ्यात खुरी नावाची एक म्हातारी बेडकीण होती. मुळात ती तळ्यातली नव्हती. बाहेर माळावर बैलाच्या खुराचा ठसा उमटून त्यात पाणी साचलं होतं, तिथे ती वाढली; नाव त्यावरूनच पडलं. खुराएवढ्या पाण्यात शाळा कुठून असणार. डराव म्हणायला ती स्वतःच शिकली, त्यामुळे तिचा सूर कुणाशी जुळत नसे, आणि तो जुळवून घ्यायला ती कुणाच्या दारी गेली नाही. उथळ पाण्याचा एक फायदा असतो. वर पाहिलं की जे काही उभं असेल ते पायापासून डोक्यापर्यंत दिसतं. खुरीने तो ढग लहानपणीच तसा, सगळाच्या सगळा पाहिला होता.

तळ्यात राहायला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने काठावर उभं राहून सांगून टाकलं, की तो ढग नाही, पक्षी आहे, त्याला हातभर चोच आहे, बदली वगैरे काही नसते, तो खातो. साध्या शब्दांत सांगितलं, एकदाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यावर चौकशी बसली. बदली झालेल्यांच्या घरच्यांच्या भावना दुखावल्याबद्दल तिला एक महिना चिखलात राहायची शिक्षा झाली. ज्यांच्या घरचं कुणी गेलेलं होतं त्यांनी तिच्याकडे बघणं सोडलं. ढगाकडे बघणं कुणी सोडलं नाही. महिनाभर चिखलात खुरीने विचार केला आणि बाहेर आल्यावर ती गोष्टी रचायला लागली.

तळ्यात गोष्ट सांगायची तर ती आधी परीक्षक मंडळापुढे सांगावी लागे. मंडळात दोघं होती, पाण्याच्या खात्याच्या शेवाळेबाई आणि काठाच्या खात्याचे गालफुगेसाहेब. गोष्ट पसंत पडली की सांगणाऱ्याला पान मिळे. हिरवं पान मिळालं तर गोष्ट पाण्यात सांगायची, वाळलेलं मिळालं तर काठावर. पाण्यातल्या गोष्टींत बोलणारे दगड आणि उडणारे मासे चालत, मात्र शेवटी सगळ्यांनी घरी परत यायचं असा नियम होता. काठावरच्या गोष्टींत पाण्याची पातळी, माशांचा तुटवडा आणि शेजारणींचं वागणं असे. शेपटी गळाली की बोलणाऱ्या दगडांची गरज संपते, असं शास्त्र होतं. हे शास्त्र शिकवणारे गुरुजी दर समारंभात वरच्या तळ्याचं वर्णन करत आणि ते ऐकताना मोठमोठ्या बेडकांचे डोळे भरून येत.

खुरी जी गोष्ट घेऊन मंडळापुढे गेली ती रचायला तिला सात वर्षं लागली होती.

"दोन बोरू होते," तिने सुरुवात केली. "त्यांना मूळ नव्हतं. मूळ नसल्यामुळे त्यांना सतत भूक लागे. मुळं असलेल्या बोरूंमध्ये जाऊन ते अगदी सरळ उभे राहत, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, हेही त्यांच्यातलेच. त्या देशात दोन मैत्रिणी राहत होत्या. एकीला मोजता येत होतं. दुसरीला मोजण्यापेक्षा वर बघायला आवडे."

गोष्ट लांब होती. तिच्यात पाण्याखालची एक गुहा होती, आरशासारखं पोट असलेला मासा होता, पावलांच्या आवाजावरून वय ओळखणारा एक आंधळा खेकडा होता. बरोबर मध्यावर ती दुसरी मैत्रीण बोरूंच्या वर काय आहे ते बघायला जाते आणि परत येत नाही. पुढची अर्धी गोष्ट पहिलीला एकटीने चालावी लागते, रोज मोजत मोजत.

मंडळाने गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. मग शेवाळेबाईंनी घसा साफ केला.

"कल्पना गोड आहे हं आत्या," त्या म्हणाल्या. "चालणारे बोरू पोरांना फार आवडतील. तेवढी ती भूक काढून टाका. आणि मैत्रीण शेवटी परत आणा."

"ती परत येत नाही."

"तुमचीच तर गोष्ट आहे. तुम्ही आणलीत तर येईल."

"माझी आहे म्हणूनच सांगते. येत नाही."

गालफुगेसाहेबांचा आक्षेप वेगळा होता. "मूळ नसलेला बोरू उभा राहू शकत नाही. काठावरच्या कुणालाही हे कळतं. दिवसभर काम करून दमलेल्या बेडकाने चालणारे बोरू ऐकत बसायचं की काय? बाकी, ती मैत्रीण जाते तो भाग..." साहेब थांबले. "तो भाग बरा आहे. पण तो शेपटीवाल्यांना झेपणार नाही."

"म्हणजे बोरू तुम्हाला झेपत नाहीत आणि मैत्रीण त्यांना झेपत नाही," खुरी म्हणाली. "मग पान कुठलं देताय?"

मंडळाने आपसात कुजबुजून तोडगा काढला. तिने या गोष्टीच्या दोन गोष्टी कराव्यात. पाण्यासाठी एक, नाचणाऱ्या बोरूंची. काठासाठी एक, मैत्रिणीच्या आठवणीची, बोरू वगळून. दोन्हींना पान मिळेल. दोन पानं मिळवणारी ती तळ्यातली पहिलीच ठरेल.

"मला मधून चिरून दोन बेडक्या होतात का ते आधी बघा," खुरी म्हणाली. "मग गोष्टीचं बघू."

"रागवायचं काय त्यात आत्या? कुणासाठी रचलीय ते तरी सांगा. नोंद करावी लागते."

"ज्याला ऐकू येतं त्याच्यासाठी."

शेवाळेबाईंनी 'श्रोता निश्चित नाही' अशी नोंद केली आणि पान नाकारण्यात आलं.

गालफुगेसाहेब बोलता बोलता थांबले होते ते उगीच नव्हे. आदल्या साली त्यांच्या पत्नीची, रेवाबाईंची, बदली झाली होती. समारंभात साहेबांनी स्वतः भाषण केलं आणि ते एकदाही अडखळले नाहीत. तेव्हा मिळालेलं कमळाचं पान वाळून त्याची जाळी झाली होती, तरी त्यांनी ते घराबाहेर टाकलं नव्हतं. त्यांना एकच मुलगी होती, टिकली. आई गेली तेव्हा ती शेपटीवाली होती, आता मधली झाली होती. वर्षभर तिने बापाकडे दुसरं काही मागितलं नाही. मला आईकडे जायचंय, एवढंच ती म्हणे.

साहेबांनी आपल्या हुद्द्याचं सगळं वजन खर्ची घालून तिच्यासाठी एक मान मिळवला होता. दरसाल मधले काठ चढत त्या दिवशी त्यांच्यापैकी एकाला बोरूच्या बेटापाशी, बरोबर ढगाच्या खाली उभं करत. ही जागा इतकी शुभ होती की पुष्कळदा त्या पोराची तिथल्या तिथे बदली होई. एवढ्या लहान वयात बदली म्हणजे घराण्याचं नाव निघे. यंदा ती जागा टिकलीची होती. साहेब मागे एकटेच उरणार होते, पण पोरगी आईपाशी असेल या विचाराने ते रात्री शांत झोपत.

पान नाही म्हणजे गोष्ट पाण्यात सांगता येत नाही आणि काठावरही सांगता येत नाही. खुरीने दोन्ही नियम पुन्हा एकदा वाचून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिथे पाणी संपतं आणि काठ सुरू होतो त्या जागी जाऊन बसली. मागचं अर्धं अंग पाण्यात, पुढचं अर्धं बाहेर. ती बोलू लागली तेव्हा तिच्या घशाचा आवाज हवेत गेला आणि पोटाचा पाण्यात.

पाण्याच्या खात्याने काठाच्या खात्याला कळवलं, की सदर बेडकीण तोंडाने काठावर आहे, तरी कारवाई आपण करावी. काठाच्या खात्याने उत्तर दिलं, की ती बुडाने पाण्यात आहे. पत्रव्यवहार चालू राहिला.

पहिले आले ते मधले. त्यांना यायला लागलंच नाही म्हणा, ते तिथेच होते. पाण्यातल्या शाळेने पाय फुटले म्हणून त्यांची नावं काढली होती आणि काठावरच्या शाळेने शेपटी आहे म्हणून घातली नव्हती. दिवसभर ते त्या ओल्या पट्टीत लोळत पडत. जाणारा येणारा त्यांना आळशी म्हणे.

"आत्या, बोरूंना भूक लागते, तर त्यांना तोंड कुठंय?" झिपऱ्या नावाच्या एकाने पहिल्याच दिवशी मध्ये तोंड घातलं.

"तेच तर तिला शोधायचंय."

"काहीही फेकते ही."

"मग जा घरी."

झिपऱ्या गेला नाही. जरा वेळाने म्हणाला, "जाणारच होतो. पण तो खेकडा काय म्हणतो तेवढं ऐकतो."

मग पाण्याखालून शेपटीवाले जमू लागले. त्यांच्या मागोमाग, पोरांना शोधायच्या निमित्ताने, मोठे बेडूक आले. पोराला न्यायला आलो असं प्रत्येक जण येताना सांगे आणि मग पोरगं हाताशी असूनही गोष्ट संपेपर्यंत हलत नसे. डबीरकाका सलग चार दिवस पोराला न्यायला आले. पाचव्या दिवशी खुरीने गोष्ट थांबवून विचारलं, "काका, तुमचं पोर यातलं कुठलं?"

"येईल आता," डबीरकाका म्हणाले आणि मांडी घालून नीट बसले. त्यांना मूल नव्हतं. त्यांच्या भावाची तीन वर्षांपूर्वी बदली झाली होती.

गोष्ट एकच होती, तिच्यातला एक शब्द खुरीने कुणासाठी बदलला नाही. शेपटीवाले गुहेत घाबरले आणि खेकड्याला हसले. मधल्यांना त्या मोजणारीचा राग आला, तिने मैत्रिणीला शेपटीला धरून ओढून का नाही आणली, यावर त्यांच्यात भांडणं झाली. मोठे बेडूक गुहेपाशी जांभया देत. पण मैत्रीण वर बघते ते वाक्य आलं की ते आपापल्या पायांकडे बघू लागत. घरी जाताना पोरं बडबडत असत आणि मोठे गप्प असत.

चार-सहा दिवसांत मधल्यांनी एक खेळ काढला. गोष्टीतल्यासारखे बोरू मोजायचे. ओल्या पट्टीतून, अर्धं डोकं पाण्यात ठेवून, बेटातला एकेक बोरू मोजत जायचं, जो चुकेल त्याने चिखल खायचा. टिकली कधी चुकत नसे. बोरू पंचवीस होते. एखाद्या दिवशी ते सत्तावीस भरत. तसं झालं की पोरं "मूळ नसलेले आले" असं ओरडत खोल पाण्यात पळत आणि पुन्हा पंचवीस होईपर्यंत वर येत नसत. त्या पंधरवड्यात मधल्यांपैकी कुणाचीही बदली झाली नाही. पाण्याच्या खात्याला याची काळजी वाटली आणि पोरांचा दर्जा घसरतोय का, यावर एक बैठक झाली.

एकदा टिकली गोष्ट सुरू व्हायच्या आधीच खुरीजवळ सरकली.

"आत्या, आज सव्वीस भरतायत. पंचवीस नाही, सत्तावीस नाही."

"किती वेळा मोजलेस?"

"पाच."

"मग बरोबर असतील. कधीकधी एक जण वर उचलला जातो आणि उरलेला एकटा विचार करत उभा राहतो."

"बोरू विचार करतो?"

"गोष्टीतला आहे तो. त्याला काय अडचण?"

टिकली हसली नाही. तिने बेटाकडे पाहिलं आणि मग काठावर, जिथे गवतात दोन-चार बेडूक वर तोंड करून बसले होते, तिकडे पाहिलं. त्या दिवशी दुपारी बेटापाशी निरोप समारंभ झाला. तिला आठवलं की मागे सत्तावीस भरले होते त्या दिवशीही झाला होता. त्याच्या आधीच्या वेळीही. तिने हे कुणाला सांगितलं नाही. ती खेळातून उठून घरी गेली आणि जेवली नाही.

संध्याकाळी साहेब कचेरीतून आले तेव्हा ती घराशी पाण्यात बसून होती.

"बाबा, आई गेली त्या दिवशी बोरू किती होते?"

"बोरू मोजत नाहीत," साहेब म्हणाले. "हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. गोष्टीत आहे."

"गोष्टी पाण्यातल्यांसाठी असतात. तू चार दिवसांनी काठावर येणार."

"मला तो मान नको."

साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "वर्षभर माझ्या मागे लागली होतीस. आईकडे जायचं नाही का तुला?"

टिकलीने शेपटी पायांभोवती घट्ट ओढून घेतली. "तिथे उभं राहून वर बघावं लागतं," ती म्हणाली. त्या रात्री साहेबांना झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीसाठी म्हणून पाणकाठाला गेले. एका कोरड्या दगडावर, सगळ्यांपासून लांब, गाल फुगवून बसले. डबीरकाकांनी त्यांना जागा करून दिली ती त्यांनी घेतली नाही. खुरीने त्यांच्याकडे पाहिलं आणि गोष्ट पहिल्या शब्दापासून सांगितली. गुहा आली, मासा आला, खेकडा आला. मैत्रीण वर बघते ते वाक्य आलं तेव्हा साहेबांचे गाल खाली गेले आणि पुन्हा फुगले नाहीत. ऊन चढलं, मंडळी पांगली. साहेब बसून राहिले.

"ही गोष्ट बेकायदेशीर आहे," सगळे गेल्यावर ते म्हणाले.

"आहेच."

"मी ती आज बंद करू शकतो."

"करा की. साहेब आहात."

साहेब दगडावरून उतरून पाण्याशी आले. "त्या मैत्रिणीला," ते म्हणाले, "दुखतं का?"

"गोष्टीतल्या?"

"गोष्टीतल्याच. दुसरीचं मी कशाला विचारेन?"

कुणाला बरं वाटावं म्हणून खुरी आयुष्यात काही बोलली नव्हती. तिने डोळे मिटून खुराच्या ठशातून जे पाहिलं होतं ते पुन्हा एकदा नीट आठवलं. मग म्हणाली, "नाही. फार पटकन होतं. ती वर बघत असते आणि तेवढ्यात होतं."

"वर बघत असते."

"हो."

"फार आवडायचं तिला ते," साहेब म्हणाले. कुणाला, ते खुरीने विचारलं नाही.

"जा तू आता," ती म्हणाली. "पोरगी घरी एकटी आहे."

तिने साहेबांना एकेरीत बोलायची ही पहिलीच वेळ होती. साहेबांनी त्याची नोंद केली नाही. कचेरीत जाऊन त्यांनी दोन्ही खात्यांमधल्या त्या पत्रव्यवहाराचं शेवटचं पत्र लिहिलं. सदर जागा कोणत्याच खात्याच्या हद्दीत येत नाही, सबब काही करता येत नाही, एवढाच मजकूर होता. टिकलीच्या मानाबद्दल ते शेवाळेबाईंशी बोलायला गेले. शेवाळेबाई म्हणाल्या, नाव जाहीर झालंय साहेब, आता कसं काढणार, लोक काय म्हणतील. साहेब परत आले. त्यांच्या घरातलं ते पान भिंतीशी होतं तसंच होतं.

काठ चढायच्या दिवशी सगळं तळं लोटलं. पांढरा ढग पहाटेपासूनच बेटावर येऊन थांबला होता. गायकांनी सूर लावला. मधले एका ओळीत उभे होते आणि टिकली सगळ्यांच्या पुढे, कमळाच्या पाकळीवर. ती मान खाली घालून पाण्यात बघत होती. लोकांना ते कौतुकाचं वाटलं.

"ढग स्वतः आलाय साहेब," शेवाळेबाई हळूच म्हणाल्या. "नशीब काढलंत. आता पोरीला पुढे न्या आणि भाषण करा."

साहेब पुढे झाले. टिकलीचा हात त्यांच्या हातात होता. त्यांनी ढगाकडे पाहिलं नाही. ते गवताच्या टोकाशी खाली वाकले, डोकं अर्धं पाण्यात घातलं आणि तसेच थांबले. त्यांचे ओठ हलत होते. शेवाळेबाईंना वाटलं, भाषणाची उजळणी चाललीय. साहेब एकदा शेवटापर्यंत गेले, थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. गायकांचा सूर दोनदा संपला.

मग ते सरळ झाले. "समारंभ इथे होणार नाही," ते म्हणाले. "काठावर ऊन फार आहे."

त्या दिवशी ऊन नव्हतं.

"इथे नाही तर कुठे?" शेवाळेबाईंनी विचारलं. "पाण्यात? मग तो माझ्या खात्यात येईल. तशी परवानगी लागेल."

"पाण्यात नाही."

"मग कुठल्या खात्यात म्हणायचं?"

"ते मागाहून ठरवू," साहेब म्हणाले. त्यांनी टिकलीला पाकळीवरून खाली घेतलं, जिथे पाणी संपतं आणि काठ सुरू होतो तिथवर नेलं आणि सगळ्या तळ्यादेखत बूड पाण्यात टेकून बसले. डोकं बाहेर, अर्धे डोळे पाण्यात. टिकली त्यांना चिकटून बसली. मोठा साहेब बसला म्हटल्यावर उभं कसं राहणार, म्हणून काठावरचे एकेक करून खाली आले. पाण्यातले एकेक करून वर आले. डबीरकाकांना झिपऱ्याशेजारी जागा मिळाली. खुरी आधीपासून तिथेच होती. शेवाळेबाई सगळ्यांत शेवटी बसल्या, अंग भिजतंय अशी कुरकुर करत.

कुणी भाषण केलं नाही. तळ्याच्या सबंध कडेने ती रांग पसरली होती, शेपट्या असलेल्यांची आणि नसलेल्यांची, आणि सगळे उत्तरेकडे बघत होते.

"किती?" साहेबांनी हळूच विचारलं.

"सत्तावीस."

"माझेही तेवढेच झाले."

वारा नव्हता. बराच वेळ बेटात काही हललं नाही. मग सत्तावीसांपैकी एक बोरू पाण्यातून सावकाश वर उचलला गेला, जरा थांबला आणि वीतभर पुढे जाऊन पुन्हा पाण्यात उतरला. त्याच्यामागून दुसरा उचलला गेला. आणि त्यांच्या वरचा पांढरा ढग त्यांच्याबरोबर चालू लागला.